ड्रॉवाल्याला भाव किती सांगायचा?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढून टाकली आहे. आकडे जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण ऐकताना ते निसटतात अशी तक्रार येते.)



मागच्या भागानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न बऱ्याच जणांनी आपापल्या शब्दांत विचारलाय. त्याचा गोषवारा असा: ‘टुर्नामेंटमध्ये माझ्याकडे टॉप पेअर असते. समोरचा फ्लशच्या मागे लागलेला असतो. मी बेट लावतो, तो कॉल करतो आणि रिव्हरला नेमकं त्याचं पान येतं. तर किती लावलं म्हणजे तो पळेल?’

आजचा सगळा भाग या प्रश्नातल्या शेवटच्या शब्दावर आहे. तो पळावा असं आपल्याला वाटतं, कारण हरल्याचं दुःख लक्षात राहतं. पण त्याला पळवणं हे आपलं कामच नाही. आपलं काम भाव सांगायचं. भाव असा सांगायचा, की तो घेणाऱ्याला महाग पडेल. मग त्याने घेतला तरी ठीक, नाही घेतला तरी ठीक.

सुरू करण्याआधी कायद्याचं बोलून घेऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला भारतात मनाई आहे. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा फरक त्यात धरलेला नाही. त्यामुळे आजचं बोलणं, जिथे हे कायदेशीर आहे अशा देशांत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आणि फुकटच्या चिप्सवर खेळणाऱ्यांसाठी आहे. आडवाटेने खेळायचे उपाय मला विचारू नका. गणित मात्र सगळीकडे सारखंच आहे.

आधी पानं मोजू

एक हात डोळ्यासमोर ठेवा, आज शेवटपर्यंत तोच वापरू. तुमच्याकडे इस्पिक एक्का आणि किलवर राजा. फ्लॉप आला: बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. समोरच्याकडे बदाम गुलाम आणि बदाम दश्शी. तुमची राजाची जोडी लागलेली आहे. त्याच्याकडे अजून काहीच नाही, पण चार बदाम झालेत. याला ड्रॉ म्हणतात: न बनलेला, पण एका पानावर अडलेला हात.

बदामाची पानं १३. चार दिसली, राहिली ९. हे त्याचे आउट्स. फ्लॉपनंतर त्याला न दिसलेली पानं ४७, म्हणजे टर्नला बदाम यायची शक्यता १९ टक्के. टर्नला नाही आलं तर रिव्हरसाठी ४६ पैकी ९, म्हणजे साधारण २० टक्के. दोन्ही पानं मिळून ३५ टक्के.

बाकीचे ड्रॉ पटकन सांगतो. दोन्ही टोकांनी उघडा स्ट्रेट ड्रॉ असेल तर ८ आउट्स, दोन पानांत ३१ टक्के. मधलंच एक पान हवं असेल तर ४ आउट्स, दोन पानांत १६ ते १७ टक्के. फ्लश आणि उघडा स्ट्रेट दोन्ही एकत्र असतील तर १५ आउट्स, आणि दोन पानांत ५४ टक्के. हा शेवटचा नीट लक्षात ठेवा. तिथे पिछाडीवर तुम्ही असता, जोडी हातात असूनही.

आणि एक गोष्ट, जिथे बरेच जण फसतात. ३५ टक्के हा आकडा दोन पानांचा आहे. फ्लॉपला सगळे चिप्स आत गेले तरच दोन्ही पानं त्याच पैशात बघायला मिळतात. नाहीतर टर्नला परत भाव द्यावा लागतो. म्हणजे फ्लॉपला कॉल करणाऱ्याने एकच पान विकत घेतलेलं असतं, आणि त्याची शक्यता १९ टक्के. ड्रॉवर खेळणारे खूप जण डोक्यात ३५ धरून १९ चा माल घेतात. तुमचा नफा तिथून येतो.

कुठल्या बेटचा भाव किती

कॉल करणाऱ्याला किती टक्के वेळा जिंकायला हवं, हे बेटच्या आकारावरून ठरतं. त्याला जेवढे घालायचे आहेत, त्याला कॉलनंतर होणाऱ्या एकूण पॉटने भागायचं. झालं.

पाव पॉट लावलात तर त्याला १७ टक्के लागतात.
पॉटचा तिसरा हिस्सा लावलात तर २० टक्के.
अर्धा पॉट, २५ टक्के.
पाऊण पॉट, ३० टक्के.
पूर्ण पॉट, ३३ टक्के.
दीडपट, साडेसदतीस टक्के.

आता हे टर्नच्या २० टक्क्यांशेजारी ठेवा. पाव पॉट लावलात तर फ्लशवाल्याला स्वस्तात पान मिळालं. तिसऱ्या हिस्स्याला साधारण बरोबरी. अर्ध्या पॉटला, पुढच्या बेटांचा विचार बाजूला ठेवला तर, त्याचा कॉल तोट्याचा झालेला आहे. त्याला चुकायला लावायला पूर्ण पॉट आणि ऑल-इन लागत नाही. अर्धा पुरतो.

त्याने कॉल करणं का चांगलं

हे आकड्यांतच बघू. टर्नला इस्पिक दुर्री पडली, काही बदललं नाही. समजा पॉट १,००० चा आहे. रिव्हरला न दिसलेली पानं ४६. हाच प्रसंग ४६ वेळा आला आणि प्रत्येक पान एकेकदा पडलं असं धरा. ३७ वेळा तुम्ही जिंकता, ९ वेळा तो. रिव्हरला बेट होत नाही असं तूर्त धरू.

तुम्ही एकदम ऑल-इन गेलात आणि तो पळाला, तर ४६ वेळा १,००० मिळाले. एकूण ४६,०००.

तुम्ही ५०० लावले आणि त्याने दर वेळी कॉल केला. ३७ वेळा १,५०० मिळाले, ते झाले ५५,५००. ९ वेळा ५०० गेले, ते ४,५००. हातात राहिले ५१,०००. पळवण्यापेक्षा ५,००० जास्त.

१,००० लावले आणि तरीही त्याने कॉल केला, तर हाच हिशेब ६५,००० वर जातो.

आणि २५० लावले तर? ४४,०००. म्हणजे पळवण्यापेक्षाही कमी.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, महाग भाव देऊन त्याने कॉल केला की तुमचा फायदाच झाला. रिव्हरला बदाम आलं तरी तो फायदा त्या पानाने पुसला जात नाही, कारण निर्णय पान येण्याआधी झाला होता. डेव्हिड स्क्लॅन्स्की यांनी ‘द थिअरी ऑफ पोकर’मध्ये हाच विचार मांडलाय: तुमची पानं दिसली असती तर समोरचा जे करणार नाही ते त्याने केलं, की नफा तुमचा. दुसरी गोष्ट, स्वस्त बेट ही सगळ्यात वाईट. तिच्यात ‘मी बेट लावली होती’ एवढं समाधान मिळतं, आणि माल फुकट जातो.

मग पाचातून एकदा तो लागणारच. चार टेबलं उघडून तासभर खेळलात तर असे हात बरेच येतात, म्हणून ‘नेहमीच लागतो’ असं वाटायला लागतं. वीस टक्के म्हणजे हेच.

रिव्हरला जे गमावतो ते

आता मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट. ५०० लावून आपण पळवण्यापेक्षा ५,००० जास्त मिळवले. पण बदाम आलेल्या त्या ९ वेळांत रिव्हरला तुम्ही त्याची बेट कॉल करत बसलात तर? ५,००० भागिले ९, म्हणजे दर वेळी ५५५. रिव्हरला पॉट असतो २,००० चा. त्यात सव्वापाचशे-साडेपाचशेची बेट, म्हणजे पाव पॉटच्या जरा वरची, तुम्ही दर वेळी भरलीत, की टर्नला मिळवलेली सगळी आघाडी गेली. ड्रॉवाल्याला याचीच आशा असते. लागलं की अजून मिळतील, हे तो धरून चालतो. म्हणजे टर्नचा भाव किती खरा, हे रिव्हरला तुमचा हात किती आखडतो यावर ठरतं.

मग बदाम दिसलं की दर वेळी टाकून द्यायचं का? तसंही नाही. न लागलेला ड्रॉसुद्धा बेट लावतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत घडलं. क्रिस मनीमेकर ऑनलाइन सॅटेलाइटमधून तिथे पोचला होता. शेवटी दोघेच उरले, तो आणि सॅम फारा. फाराकडे नव्वीची जोडी, बोर्डावरची सगळ्यात मोठी. मनीमेकरकडे टर्नला फ्लश आणि स्ट्रेट दोन्हींचे ड्रॉ होते. फाराने बेट लावली, त्याने ती वाढवली. रिव्हरला दोन्हींपैकी काहीच लागलं नाही, आणि मनीमेकर ऑल-इन गेला. फाराने बराच विचार करून चांगला हात टाकला. ती स्पर्धा मनीमेकर जिंकला, बक्षीस २५ लाख डॉलर.

व्यवहारात मी असं सांगेन. फ्लशचं पान आलं आणि एरवी शांत खेळणाऱ्याने मोठी बेट लावली, तर एक जोडी टाका. जो माणूस बरेच हात खेळतो आणि सारखा दाबतो, त्याच्यापुढे कधीकधी कॉल करावा लागेल. आणि तुमच्या हातात बदाम एक्का असेल तर त्याच्याकडे सगळ्यात मोठा फ्लश असूच शकत नाही, तेवढी जमेची बाजू.

स्टॅक बघितल्याशिवाय आकार ठरवू नका

कॅश गेम आणि टुर्नामेंट यांत मोठा फरक इथे आहे. कॅशमध्ये बहुतेक वेळा मागे भरपूर चिप्स असतात. टुर्नामेंटमध्ये ब्लाइंड चढत जातात आणि मधल्या टप्प्यात सगळे २०–३० ब्लाइंडवर येतात.

आपलाच हात घेऊ. ब्लाइंड ५०० आणि १,०००. सगळ्यांची मिळून अँटी १,०००. अँटी भरून दोघांकडे पंचवीस-पंचवीस हजार. तुम्ही २,२०० केले, बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट ५,९००. फ्लॉपला तुम्ही ३,००० लावले, त्याने कॉल केला. पॉट ११,९००, मागे प्रत्येकी १९,८००. टर्नला दुर्री. आता किती?

सगळ्यात वाईट धरू: बदाम आलं तर उरलेले सगळे चिप्स तुम्ही त्याला देणारच, टाकणं तुम्हाला जमत नाही. मग तो ९ वेळा प्रत्येकी ११,९०० अधिक १९,८००, म्हणजे ३१,७०० जिंकतो. एकूण २,८५,३००. उरलेल्या ३७ वेळा तुमच्या टर्नच्या बेटएवढे गमावतो.

टर्नला ५,००० लावलेत तर तो १,८५,००० गमावतो. भरपूर फायद्यात.
७,००० लावलेत तर २,५९,०००. अजून फायद्यात.
८,००० लावलेत तर २,९६,०००. आता तोट्यात.

म्हणजे पंचवीस ब्लाइंडवर, पॉटच्या दोन तृतीयांश बेटला, तुम्ही रिव्हरला डोळे मिटून पैसे दिलेत तरी त्याचा कॉल चुकीचा. हे फार मोठं सुख आहे. कमी स्टॅक तुमची काळजी घेतो, कारण लागल्यावर मिळवायला त्याच्यासाठी फारसं शिल्लकच नसतं.

आता तोच हात साठ ब्लाइंडवर. मागे १९,८०० ऐवजी ५४,८०० आहेत. तीच खात्री हवी असेल तर टर्नला १६,००० च्या वर लावावे लागतील, पॉटच्या सव्वापटीहून जास्त. तेवढी बेट एका जोडीवर लावलीत तर तुमच्याहून बलवान हातच कॉल करतील. म्हणून खोल स्टॅकला आकाराने सगळं साधत नाही. तिथे अर्धा ते पाऊण पॉट लावायचा आणि रिव्हरला टाकायची तयारी ठेवायची.

आणि बारा ब्लाइंडवर? फ्लॉपला मागे ९,८००, पॉट ५,९००. थेट ऑल-इन गेलात तर त्याला ३८ टक्के लागतात, आणि आहेत ३५. भाव तुमच्या बाजूचा. पण त्याच्याकडे १५ आउट्सवाला ड्रॉ असेल तर कुठल्याच भावाने तो चुकत नाही. तिथे भावाचा विचार सोडून द्या.

बबलवर भाव आपोआप चढतो

आत्तापर्यंत आपण चिप्स मोजले. बक्षिसाच्या जवळ आलं की चिप्स आणि पैसे यांची फारकत होते. इथे लोक आयसीएम वापरतात, म्हणजे चिप्सवरून बक्षिसातला वाटा काढायची पद्धत.

सोपं उदाहरण. चार जण उरले, चौघांचे स्टॅक सारखे. बक्षीस तिघांनाच: ५०, ३० आणि २० टक्के. प्रत्येकाचा वाटा २५. त्यातला एक ऑल-इन गेला, दुसऱ्याने कॉल केला आणि जिंकला. त्याचे चिप्स दुप्पट झाले. वाटा दुप्पट झाला का? नाही. आयसीएमने तो ३८.३ होतो. हरला असता तर शून्य. म्हणजे २५ पणाला लावून ३८.३ होणार असतील, तर कॉल करायला ६५ टक्के लागतात. ब्लाइंड यात धरलेले नाहीत, ते धरले तर आकडा थोडा उतरतो.

५४ टक्क्यांचा तो राक्षसी ड्रॉ आठवतोय? चिप्समध्ये तो पुढे आहे. इथे कॉल करायला तोही पुरत नाही. म्हणजे बबलवर समोरच्याला बाद व्हायची भीती असेल तर तुमची लहान बेटसुद्धा त्याला मोठी वाटते. तिसऱ्या हिस्स्याची बेट चिप्समध्ये २० टक्के मागते, पैशात त्याहून जास्त.

पण हे दोन्ही बाजूंनी लागू आहे, आणि इथेच पैसे जातात. समोरचा तुमच्याहून मोठ्या स्टॅकचा असेल तर बाद तुम्ही होणार आहात, तो नाही. त्याने ड्रॉवर ऑल-इन टाकलं तर तेच ६५ टक्के तुम्हाला लागतील. फ्लशच्या ड्रॉपुढे एक जोडी फ्लॉपला साधारण ६५ टक्केच असते. काठावर. पंधरा आउट्सवाल्यापुढे ४६. म्हणून बबलवर मोठ्या स्टॅकसमोर पॉट आधीच फुगवू नका. मधल्या स्टॅकसमोर, जो तुमच्याकडून बाद होऊ शकतो, त्याच्यापुढे भाव खुशाल चढवा.

सॅटेलाइटमध्ये तर हे टोकाला जातं. दहा तिकिटं आणि अकरा जण उरलेत, तुमच्याकडे पुरेसे चिप्स आहेत, तर जास्तीच्या चिप्सला किंमतच नाही. तिथे ड्रॉवाल्याशी भांडण काढू नका.

बटणांची सवय

ऑनलाइन खेळताना स्क्रीनवर तयार बटणं असतात: अर्धा, पाऊण, पूर्ण. बोट सवयीने एकावरच जातं. त्यात अजून एक सवय मिसळते. बोर्डावर दोन बदाम दिसले आणि हातात घाबरवणारी एक जोडी असली की पूर्ण पॉट. आणि तिर्रीचा सेट लागलेला असला की ‘राहू दे बाबा’ म्हणून पाव पॉट. रोज खेळणारा माणूस दोन-चार शोडाउनमध्ये हे टिपतो. मग तुमची मोठी बेट म्हणजे भीती, हे त्याला न सांगता कळतं, आणि तो ड्रॉ नसतानाही तुम्हाला उठवतो.

यावर उपाय सोपा. आकार बोर्डावरून आणि स्टॅकवरून ठरवा, हातातल्या भीतीवरून नको. राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची, असा कोरडा फ्लॉप असेल तर ड्रॉ जवळपास नाहीतच, तिसरा हिस्सा पुरे. नव्वी, अठ्ठी आणि दोन बदाम असा फ्लॉप असेल तर पाऊण लावा, जोडीवरही आणि सेटवरही.

या आठवड्याचा अभ्यास

शेवटच्या टुर्नामेंटची हँड हिस्टरी काढा. ज्या हातांत समोरच्याने ड्रॉ दाखवला, ते वेगळे करा. प्रत्येकासमोर चार आकडे लिहा: पॉट, तुमची बेट, त्याला लागणारे टक्के, त्याचे खरे टक्के. तो लागला की नाही, ते लिहूच नका. भाव महाग होता तिथे बरोबरची खूण करा, स्वस्त होता तिथे फुली. मग बबलवरचे हात वेगळे काढून त्यांत कोणाला बाद व्हायची भीती होती ते बघा.

आणि नेहमीचं सांगून थांबतो. भाव अचूक सांगूनही पाचातून एकदा पान त्याच्याच बाजूने पडतं, आणि टुर्नामेंटमध्ये ते एक पान तुम्हाला घरी पाठवतं. म्हणून एंट्री तेवढ्याच पैशांची घ्या, जे गेले तरी घरखर्चाला, हप्त्याला, फीला धक्का लागणार नाही. गणित शंभर टुर्नामेंटांवर तुमच्या बाजूने असतं. एका रात्रीवर ते कधीच नसतं.

पुढच्या भागात उलट बाजूने येऊ: ड्रॉ तुमच्या हातात असेल तर कॉल कधी करायचा आणि आधी आपणच बेट कधी लावायची. प्रश्न पाठवत राहा.